शेवटचे दहा किलोमीटर

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

ग्रुपवरचा फोटो तू बघितलास. गळ्यात मेडल, अंगठा वर, मागं मलेशियातल्या पुत्रजयाचं तळं आणि ती गुलाबी मशीद. खाली "नाद खुळा", "लई भारी भावा" यांचा नुसता पाऊस पडला. तू मात्र काहीच लिहिलं नाहीस, आणि तू गप्प का आहेस हे मला कळलं. तेव्हा आधी हे सांगतो की तो फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. ड्युएथलॉनच्या रेसच्या दिवशीचा एकही फोटो दाखवण्यासारखा नाही.

"जाऊ नको" असं तू फोनवर दोनदा म्हणालास. बरोबरच होतं तुझं. आबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर मी सलग अकरा रात्री हॉस्पिटलच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत काढल्या. दोन वाजता सिस्टर सलाइन बदलायला यायची, मग आबांना कूस बदलून हवी असायची, मग शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचा खोकला. सकाळी तिथूनच शिरोलीला, फर्नेसवर. उन्हाळ्यात तिथं कसं भाजतं ते तुला माहीत आहे. घड्याळात सकाळचा पल्स एरवी ५२ असतो, निघायच्या आठवड्यात ६७ दिसत होता. पल्स सात-आठनं वर गेला की त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही, हा नियम तूच घालून दिलेला. मी घड्याळच काढून ठेवलं.

पैसे भरलेत, तिकीट परत होत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. तेही खरंच होतं. पण आतलं कारण वेगळं होतं. मला झोपायचं होतं रे. कोल्हापूरपासून इतकं लांब की कुणी "जरा बघतोस का" म्हणणार नाही. आईनं "जा, मी आहे, ताई येतीय" म्हटल्यावर मला जो आनंद झाला तो रेसचा नव्हता. आबांना तसंच टाकून निघालोय हे मनात होतंच, तरी झाला.

आणि झोप काही लागली नाही. मुंबईपर्यंत सायकलच्या खोक्याची काळजी, विमानात पाय आखडलेले. हॉटेलात मऊ गादी, एसी, सगळी शांतता. तरी आपल्या दोनच्या ठोक्याला टक्क जाग. तिथं साडेचार वाजलेले असायचे. सलाइन बघायला उठून बसलो, तर समोर टीव्ही.

मी उतरलो त्या क्लासिक गटाचं अंतर १०-६०-१० किलोमीटर: धावणं, सायकल, परत धावणं. पहिले दहा मी ५४ मिनिटांत पळालो. सगळे सुटले की आपणही सुटतो. पन्हाळ्याच्या घाटात तू ओरडतोस ना, "आत्ताच उधळू नको, वरसाठी ठेव", तसं ओरडायला तिथं कोणी नव्हतं. आणि हवा! आपल्याकडं मे महिन्यातसुद्धा रंकाळ्याला फेरी मारली की वाऱ्यानं घाम वाळतो आणि गार वाटतं. तिथं घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. त्यामुळं अंग थंडच होत नाही. सातव्या किलोमीटरला बुटांतून पचपच आवाज यायला लागला.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे धावणं संपवून सायकल घ्यायच्या जागी, हेल्मेटचा पट्टा लागेना. बोटं थरथरत होती. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही हा नियम, आणि मार्शल समोर उभा राहून बघतोय. तिसऱ्या प्रयत्नात लागला. साधा पट्टा, पण तिथंच थांबायला हवं होतं असं आता वाटतं.

सायकलचं ऐक, कारण हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या मागं चिकटून वारा चुकवायला, बंदी. तुझ्या मागच्या चाकाला चिकटून पेठ वडगाव गाठायची सवय असलेला मी, साठ किलोमीटर एकटा. रस्ते रुंद, गुळगुळीत, एक खड्डा नाही. (आपल्या खड्ड्यांचा एक फायदा आहे, माणूस जागा राहतो.) चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास माझा डोळा लागला. चालत्या सायकलवर. सेकंदभर असेल, दोन असतील. डोळे उघडले तेव्हा पुढचं चाक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर होतं, आणि मागचा एक जण त्याच्या भाषेत जोरात काहीतरी ओरडत होता. वेग तिसाच्या वर होता, संज्या.

लोक ह्याला जिद्द म्हणतायत. हायवेवर रात्रीचा ट्रक चालवणाऱ्याचा डोळा लागला तर आपण त्याला काय म्हणतो? तेव्हापासून मी मोठ्यानं बोलत सायकल चालवली. आधी पाढे म्हटले. मग आबांच्या गोळ्या: सकाळची पांढरी, दुपारची पिवळी, जेवणाआधीची, जेवणानंतरची. त्या गोळ्यांनी मला शेवटपर्यंत पोचवलं.

शेवटच्या दहामध्ये पहिला किलोमीटर पाय लाकडाचे. ते दर वेळी असतं, सायकलवरून उतरल्यावर जरा वेळानं सुटतात. या वेळी सुटलेच नाहीत. एनर्जी जेल घेतलं ते उलटून पडलं. तिसऱ्या किलोमीटरला फुटपाथच्या कडेला बसलो. घड्याळानुसार अकरा मिनिटं. एक पोरगी बर्फाची पिशवी घेऊन आली, डॉक्टर हवाय का म्हणून विचारलं. मी म्हटलं नको, नुसता बसलोय. आणि खरंच नुसता बसलो होतो. झाडाची सावली होती, समोरून माणसं पळत होती, आणि महिनाभरात पहिल्यांदा माझं कुणाकडं काही काम नव्हतं. सगळ्या रेसमध्ये मला आवडलेली तेवढीच अकरा मिनिटं. उरलेलं बहुतेक चाललो. एक तास चोवीस मिनिटं.

स्वित्झर्लंडच्या त्या झोफिंगन ड्युएथलॉनचं नाव सध्या काढू नको. तिथं १०-१५०-३०. माझ्या कपाटाच्या दारावर आपण चिकटवलेला कागद मी काढलेला नाही, पण त्यावर शर्ट अडकवून ठेवलाय.

आबा घरी आलेत. वॉकर धरून हॉलपर्यंत येतात. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, त्यामुळं "कितवा आलास" हा पहिला प्रश्न असणार असं धरून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "खायला काय दिलं?" मी म्हटलं, केळं. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "एवढा समुद्र ओलांडून केळं खाल्लंस?" आई आतून हसली. मग मला म्हणाले, जा, पड जरा. दुपारी चारला पडलो ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. मध्ये कुणी उठवलं नाही. ताईनं दाराला आतून कडी घातली होती म्हणे, बेल वाजवणाऱ्यांना खिडकीतूनच परतवलं.

सायकल अजून खोक्यातच आहे. येताना विमानात कुठंतरी दणका बसलाय, मागच्या गिअरचा हँगर वाकलेला दिसतोय. पुढच्या शनिवारी पुण्याहून येणार असशील तर टॉर्कची किल्ली घेऊन ये. गंगावेशीत दूध पिऊ, मग बघू. सायकलवर डोळा लागल्याचं आईसमोर काढू नको.

तुझा,
दिग्या

ता. क. घड्याळ परत घातलंय. आज सकाळचा पल्स ६१.