छकुलीला पाळणाघरात ठेवण्याआधी

चि. अमोल,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, छकुलीला पाळणाघरात ठेवलं तर तिच्या मनावर कायमचा परिणाम होईल का?" मागून मेघा काहीतरी सांगू बघत होती आणि तू तिला मध्येच थांबवलंस. म्हणून मी तेव्हा उत्तर दिलं नाही. हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

आधी सरळ सांगते. पाळणाघरात राहिल्याने मूल बिघडत नाही आणि घरात राहिल्याने आपोआप घडतही नाही. तिच्या हाकेला दिवसभर ओ देणारं माणूस कोण आहे आणि उद्या-परवाही तेच माणूस असणार आहे का, यावर बरंचसं अवलंबून आहे. अंगणवाडीत इतकी वर्षं सेविका म्हणून काढल्यावर एवढं मी ठामपणे म्हणू शकते.

दिवाळी झाली की आपल्याकडच्या पाड्यांवरची कितीतरी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. एका वर्षी अशीच परतलेली तीन वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. वजन कमी होतं, ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण ती बोलतच नव्हती. बडबडगीत म्हणा, चित्रं दाखवा, नजर वर उचलायची नाही. भट्टीवर आई-बाप पहाटेपासून विटा पाडायचे आणि ही दिवसभर झोपडीत, सात वर्षांच्या भावाच्या भरवशावर. आमच्या मदतनीसताई रोज खिचडीचे तांदूळ निवडायला बसायच्या. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. सुपात खडा सापडला की तो तिच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "खडा." बाकी काही नाही. ती तो मुठीत गच्च धरायची. बऱ्याच दिवसांनी एकदा तिनेच सुपातला खडा उचलला, ताईंच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ताई म्हणाल्या, "अगं बाई, खडा!" तेव्हा ती हसली. शब्द त्यानंतर आले, तेही आधी ताईंपाशी. माझ्याशी बोलायला तिला आणखी वेळ लागला. पुढच्या दिवाळीनंतर ते कुटुंब पुन्हा भट्टीवर गेलं, त्यामुळे तिचं सगळं छान झालं असं मी तुला सांगू शकत नाही.

प्रशिक्षणात आम्हाला 'पहिले 1000 दिवस' शिकवायचे, म्हणजे पोटात असल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. बाळ काहीतरी करतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, बाळ पुन्हा करून बघतं, आणि या देवघेवीतून मेंदूची जोडणी पक्की होत जाते, असं सांगायचे. मला ते खरं समजलं त्या सुपाशी.

हीच गोष्ट रुमानियात फार मोठ्या प्रमाणावर आणि फार वाईट रीतीने दिसली. 1989 मध्ये तिथली चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखाहून अधिक मुलं होती. त्यातल्या बऱ्याच जणांना छप्पर होतं, पोटाला मिळत होतं. पण एकेका बाईकडे डझनभर किंवा जास्त मुलं, आणि बायाही पाळीप्रमाणे बदलणाऱ्या. रडलं तरी कोणी येत नाही हे कळल्यावर बाळं रडायचीच थांबली होती. 2000 सालापासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या अशा 136 तान्ह्या-रांगत्या मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांवर जीव लावण्याची ताकद सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत जी घरात गेली, त्यांची सर्वांत जास्त. तुझ्या छकुलीची आणि त्या मुलांची तुलना करतच नाहीये, घाबरू नकोस. पण अन्न, स्वच्छता आणि पाळणा असूनही मूल उपाशी राहू शकतं, हे त्यातून समजून घे.

तेव्हा पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची कार्टून आणि सीसीटीव्ही बघून भुलू नका. छकुली नेमकी कोणत्या ताईकडे असेल ते विचारा. त्या ताईकडे आणखी किती बाळं आहेत? माझ्या मते एका बाईला तीन-चार तान्ही नीट सांभाळता येतात, त्यापुढे ती फक्त दुपटी बदलत राहते. ताया किती दिवस टिकतात, हे तर नक्की विचारा. दर दोन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर फी कितीही असो, ती जागा नको. आणि भरवायच्या वेळेला जा. चमचा तोंडात कोंबताना बाई बाळाकडे बघते की दुसऱ्या बाईशी गप्पा मारते, यावरून सगळं कळतं.

मेघाच्या कंपनीतही चौकशी करायला सांग. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात 26 आठवड्यांच्या रजेबरोबर हेही आलं की 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. हा तिचा हक्क आहे. मागायला संकोच नको.

छकुली आता आठ महिन्यांची. याच वयात बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस नीट कळू लागतं, म्हणून ती रडणार, आणि भरपूर रडणार. तो लळ्याचा पुरावा आहे. ती दुसऱ्या कशात रमली की गुपचूप सटकायचं, असं मात्र करू नका. सांगून निघा आणि सांगितलेल्या वेळेला परत या. पहिल्या आठवड्यात मेघाने किंवा तू तिथेच बसा, मग तासभर बाहेर जा, मग दोन तास.

आता तुझ्याबद्दल. तू विचारलेला प्रश्न सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाचा होता. पण सहानंतर तू कुठे असतोस? व्हिडिओ कॉलवर मी बघते, ती तुझ्या पायाशी येऊन "बा-बा" करते आणि तू दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर ऑफिसचं वाचत असतोस. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईला त्याने काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच चालत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून घेतं. प्रशिक्षणात आम्हाला त्याची फिल्म दाखवली होती, माझ्याने ती पुरती बघवली नव्हती. मोबाईलमध्ये गुंतलेल्या बापाचा चेहरा तसाच असतो रे. ट्रॉनिकचंच दुसरं म्हणणंही लक्षात ठेव: आई-बापाचं लक्ष बाळाकडून सारखं सुटतच असतं. सुटलेला धागा पुन्हा जोडला जातो की नाही, हे महत्त्वाचं. तेव्हा फोन खाली ठेव आणि तिच्या "बा-बा"ला "बा-बा" म्हण. तिच्या हातात तर तो देऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच नको.

आणि तुमची दोघांची कुरबुर. मेघाला नोकरी सोडावीशी वाटत नाही, यात गैर काय आहे? तिला अपराधी वाटवून घरात बसवलंस तर छकुलीच्या वाट्याला दिवसभर एक दुखावलेली आई येईल. शब्द कळत नसले तरी चढलेला आवाज आणि अबोला बाळाला कळतो. गृहभेटीला गेल्यावर उंबऱ्यातच मला त्या घरातली हवा कळायची, मग त्यात चोवीस तास राहणाऱ्या लेकराला कशी कळणार नाही?

महागडी खेळणी आणि ती फ्लॅशकार्डं पुरेत. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. परदेशी साधनं न परवडणारी, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन शिकवलं. छकुलीला वाटी-चमचा दे आणि समोर बस.

बाबांच्या डायलिसिसमुळे मला कायमचं पुण्याला राहता येणार नाही, याची मला फार चुटपुट आहे. पण तुमच्या शेजारच्या काकूंशी संबंध वाढवा. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-बापाचं आजारपण असं सगळं एकत्र सोसलेल्यांपैकीही साधारण एकतृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्यापैकी बहुतेकांना जीव लावणारं एक तरी माणूस मिळालं होतं. कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला शेजारीण किंवा शिक्षक. तू 'कायमचा परिणाम' म्हणालास ना, त्याला माझं हे उत्तर.

बाबांकडे मामा राहायला येणार आहे, तेव्हा पाळणाघराचे पहिले पंधरा दिवस मी तुमच्याकडे असेन. त्याआधी दोन-तीन ठिकाणं बघून ठेवा, आणि मेघाला जी ताई आवडेल तिचं नाव मला रविवारी फोनवर सांगा. फोन मेघानेच करावा.

तुझी,
आई