दोरा आला की चित्र हस्तकलेच्या टेबलावर का?

संपादक महोदय, नमस्कार.

कागदावर पेनाने काढलेल्या रेघा आणि त्याच रेघा पुढे सुईदोऱ्याने शिवत नेलेल्या, अशी अमूर्त चित्रं हल्ली आपल्याकडे पण बघायला मिळतात, पण प्रदर्शनात ती हस्तकलेच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालांशेजारी ठेवलेली असतात. परवा पणजीत परत तेच बघितलं म्हणून हे पत्र. क्रोशाला मी कमी लेखत नाही हां, आमच्या घरात आजीपासून सगळ्यांचा हात त्यात बसलाय, पण ही चित्रं ड्रॉइंगच्या भिंतीवर लागायला हवीत.

कारण इथे दोरा नक्षी म्हणून येत नाही, रेघ म्हणून येतो. पेन्सिलची रेघ खोडता येते, सुईचं भोक मात्र कागदावर कायमचं, म्हणून बरेचजण आधी टोचणीने भोकं पाडून घेतात आणि मगच दोरा ओवतात. टाके फार जवळ आले तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा तिथूनच फाटतो, तेव्हा 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) वगैरे जाड वॉटरकलर पेपर बरा. आणि धावदोरा घातला की वर तुटक रेघ दिसते, जिथे दिसत नाही तिथे ती कागदाच्या मागून चालूच असते, हे पेनाला कसं जमणार? उजेड बाजूने आला की दोऱ्याची बारीक सावली पडते, तिच्या शेजारी शाईची रेघ एकदम सपाट वाटते, आणि या फरकावरच तर सगळं चित्र उभं असतं!

हे नवं फॅड पण नाही. भारतीय चित्रकार झरीना हाश्मी यांनी 1970 च्या दशकात कागद नुसता टोचून, शाई न वापरता कामं केली. रुमानियाच्या चित्रकार जेता ब्रातेस्कू तर शिलाई मशीनने ड्रॉइंग करतेय असंच म्हणायच्या. अमूर्त रेखाचित्रं काढणाऱ्या नसरीन मोहमदींच्या रेघांना आपण मोठी कला मानतो, मग त्याच रेघेत सूत आलं की कुठे बिघडतं? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याचे म्हणून आपण कॉलर ताठ करतो, निदान इथे तरी हे समजावत बसायची पाळी येऊ नये.

आयोजकांना आणखी एक, काच थेट दोऱ्याला टेकवू नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून जागा सोडा. आपल्या पावसात कागद दमट होऊन फुगतो, दोरा घट्ट ओढलेला असला की सुरकुत्या पडतात, वर बुरशी आहेच. आणि जमलं तर एखादं काम दोन्ही बाजूंनी काच लावून मधोमध टांगा, मागच्या गाठी आणि दोऱ्याच्या एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या उड्या बघायला लोक नक्की थांबतील.

– एक वाचक, फोंडा