हिंदू कॉलनीतल्या घराघरांतले जुने कागद वाचवू या

समस्त रहिवासी बंधू-भगिनींनो,

गेल्या पावसाळ्याआधी आपल्या कॉलनीतली एक इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली. जिन्याखालच्या कपाटात कापडावर चिकटवलेला निळा नकाशा निघाला. घडीवर विरलेला, पण व्हरांडा, मोरी, शेजारच्या इमारतीपासूनचं अंतर, सगळं वाचता येत होतं. रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून तो आम्ही परत आणला. सोबतचे दोन गठ्ठे मात्र तोवर गेले होते. जिवाला फार लागलं.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा तेव्हा शहराच्या वेशीवरचा भाग. ट्रस्टनं इथल्या सखल जमिनीत भराव घातला, आधी रस्ते आणि गटारं आखली, मग भूखंड भाडेपट्ट्यानं दिले. खोल्यांत ऊन-वारा खेळावा म्हणून इमारतींमध्ये मोकळी जागा सोडायला लावली. आपल्या सरळ गल्ल्या, शेजारची पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, सगळी याच आखणीतली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्याच सुमारास बाबासाहेबांनी इथे राजगृह बांधलं, आपल्या ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. पुढे व्हिन्सेंट रोडला त्यांचंच नाव मिळालं. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी 'दादर टीटी' टिकून आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मुलांना सांगावं लागतं.

हे पुस्तकात मिळेल. पण कोणत्या घरात किती माणसं राहिली, भाडं काय होतं, गच्चीवर कोण झोपायचं, हे तुमच्याच घरात आहे. भाडेपावत्या, इमारतीचे नकाशे, सोसायटीची जुनी इतिवृत्तं, लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी गल्ली, काहीही चालेल. कागद तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. ज्येष्ठांच्या आठवणी घरी येऊन ध्वनिमुद्रित करू.

स्कॅनर आणि कॉलनीचा मोठा नकाशा छापण्यासाठी घरटी ५०० रुपये वर्गणी द्यावी, ही विनंती. ज्यांना जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. त्यांचे कागद आम्हाला तितकेच हवे आहेत. पावती मिळेल, हिशेब सूचना फलकावर लागेल.

दर रविवारी सकाळी १० ते १२ मंडळाच्या खोलीत आम्ही आहोत. माळ्यावरची ट्रंक उतरवायची असेल तर निरोप द्या, मुलं शिडी घेऊन येतील.

आपले,
रहिवासी मंडळाचे कार्यकर्ते
हिंदू कॉलनी, दादर (पूर्व)