मंद्या, जर्सी गेली रे

मंद्या,

वर्ष होत आलं, फोन नाही, तुझ्या मेसेजला नुसते अंगठे दाखवत बसलो, शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढे वाच. इकडे सगळे बरे. माझी शुगर होती तिथेच आहे, आईच्या गुडघ्याचं दिवाळीनंतर बघू.

काल जे झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली बरं झालं, कपाटात जागा झाली. चिरंजीवांनी हर्टलची, म्हणजे आपल्या सॅन होजेच्या आइस हॉकी टीमच्या, शार्क्सच्या जुन्या खेळाडूची जर्सी शाळेतल्या मित्राला देऊन टाकली आणि बदल्यात शार्क्सच्याच नव्या पोराचं, सेलेब्रिनीचं रुकी कार्ड (पहिल्या सीझनचं फोटो-कार्ड, पोरं जमवतात) घेतलं. मी ओरडलो, तर बारा वर्षांचं कार्टं शांतपणे मलाच सांगतंय, बाबा, ती पडूनच होती, किंमत कमीच होत जाणार होती, ॲसेट मॅनेजमेंट!

आता हा शब्द त्याला शिकवला कोणी? मीच. मार्च २०२४ मध्ये शार्क्सनी हर्टलला वेगासच्या टीमला दिला तेव्हा हे पोरगं न जेवता झोपलं होतं. मीच उशाशी बसून समजावलं की बाबा रे, टीम मुळापासून नवी बांधायची तर तिशीतला माणूस धरून चालत नाही, त्याला अजून किंमत आहे तोवर द्यायचा आणि कोवळी पोरं आणि ड्राफ्टचे, म्हणजे नव्या पोरांच्या दरवर्षीच्या निवडीतले नंबर घ्यायचे. अरे पण हर्टल! शार्क्सनीच २०१२ ला ड्राफ्ट केलेला, २०१३ ला न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध एका मॅचमध्ये चार गोल, त्यातला एक स्वतःच्या पायांमधून काठी घालून. आणि गंमत बघ, त्याच्या पगारातले सतरा टक्के २०३० पर्यंत शार्क्सच्याच हिशोबात. दुसऱ्या टीमला दिलेल्या खेळाडूंपैकी एका वेळी तिघांचाच पगार असा आपल्याकडे अडकवून ठेवता येतो, आणि बर्न्स, कार्लसन, हर्टल मिळून तिन्ही जागा भरल्या होत्या. म्हणजे पोरगी सासरी गेली आणि भिशी आपणच भरतोय.

तू २०२३ ला आला होतास तेव्हाची ती व्हँकूव्हरविरुद्धची मॅच आठवते? १०-१ हरलो. नाचोज खात तू विचारलं होतंस, हे लोक हरायचे पैसे घेतात का रे? मी भडकलो होतो. दोनच दिवसांनी पिट्सबर्गकडून १०-२. सीझनभरात ८२ मॅचमध्ये १९ जिंकल्या, लीगमध्ये शेवटचे. आणि आता कबूल करतो, जानेवारीनंतर मी प्रत्येक हरण्यावर मनातल्या मनात खूश होत होतो, कारण ड्राफ्टच्या लॉटरीत शेवटच्या टीमला पहिल्या नंबरचा चान्स सगळ्यात जास्त, तरी २५.५ टक्केच. लॉटरी लागली आणि सेलेब्रिनी आला. पुढच्या वर्षी परत शेवटचे, पण पहिला नंबर आयलंडर्स टीमला गेला, आपल्याला दुसरा, त्यात मिसा नावाचं पोरगं आलं.

शार्क्सचा जनरल मॅनेजर ग्रिअर मात्र पक्का व्यापारी. वॉलमन नावाच्या खेळाडूची गोष्ट तर तुझ्या दुकानात फ्रेम करून लावण्यासारखी आहे. डेट्रॉइटला तो नको होता, म्हणून त्यांनी वर ड्राफ्टमधला दुसऱ्या राउंडचा पिक (निवडीचा नंबर) देऊन तो शार्क्सच्या गळ्यात घातला. नऊ महिन्यांत ह्या पठ्ठ्याने तोच वॉलमन एडमंटनला देऊन पहिल्या राउंडचा पिक काढला. जुना फ्रीज न्यायचे पैसे घ्यायचे आणि तोच फ्रीज पुसून विकायचा!

आणि हर्टलच्या बदल्यात आलेलं कोवळं पोरगं एडस्ट्रॉम आणि वेगासचा पिक, दोन्ही नॅशव्हिलला देऊन गोलकीपर अस्कारोव आणला. कार्टं काल हेच तोंडावर मारत होतं, हर्टल गेला नाही बाबा, त्याचा अस्कारोव झाला. हिशोब बरोबर आहे रे. मी आकडे घेऊन तासभर बसलो, एक चूक सापडली नाही, आणि तरी रात्री झोप नाही. त्याला वाईट वाटलंच नाही, हे मला खुपतंय. की दीड वर्षापूर्वी वाटलं तेवढं मीच समजावून समजावून संपवलं?

मग आपल्या गल्लीच्या क्रिकेट टीममधला बंड्या आठवला. फायनलच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गल्लीला बंड्या देऊन आपण बॅट घेतली. तू म्हणतोस आयडिया माझी, मी मरेपर्यंत म्हणणार तुझी. बॅट चांगली होती हे मात्र तूही मान्य करशील. फायनलला बंड्याने तुझाच त्रिफळा उडवला, तेव्हा मी हसलो होतो, त्याची माफी आज मागतो. पूर्ण नाही, अर्धी.

दुकान कसंय, जीएसटीचं लफडं मिटलं का, पोरीचं बारावीनंतर काय ठरलं, वहिनींना नमस्कार. सविस्तर लिही, अंगठा दाखवू नकोस.

तुझाच,
पक्या

ता.क. त्या कार्डाचा भाव गुपचूप ऑनलाइन बघितला. कोपरा जरा दुमडलाय, तरी जर्सीच्या वर जातोय. त्या पोराच्या आईला अजून पत्ता नाही वाटतं.