आधी वाट बघ, मग घर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता बाबांनी मोठ्या अक्षरांत छापून आणला. चार उपनगरं, आणि प्रत्येकापुढे घराचं क्षेत्रफळ, खोल्या, मजला, गाडी लावायची जागा, महिन्याचा हप्ता, ऑफिसपर्यंतचा वेळ. मन लावून केलं आहेस, दिसतंच आहे. मी तो दोनदा वाचला आणि पेन्सिलीने शेवटी एक रकाना वाढवला : संध्याकाळी पाच वाजता छकुली कुठे असेल? चारही ओळींत तो मला भरता आला नाही. फोनवर घाईत अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

शहराबाहेर जायचा तुमचा विचार मला मनापासून पटलाय. दोन खोल्यांत चार माणसं, त्यात धाकटा आता रांगायला लागेल. जागा हवीच. पण घर बघताना आपण चार भिंतींच्या आतलंच मोजत बसतो. आम्ही तेच केलं, आणि त्याची किंमत तू मोजलीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

तू सहा वर्षांचा असताना आपण शहर सोडलं. मी तेव्हा नगररचनेच्या कार्यालयात आरेखक होते, दिवसभर नकाशेच हाताखालून जायचे. घर ठरवताना मी नकाशावर पट्टी ठेवली आणि घर ते शाळा अंतर काढलं. ६०० मीटर. खूश झाले. मधून एक चौपदरी रस्ता जात होता, तोही मला दिसत होता, पण कागदावर त्याच्या नुसत्या दोन रेघा होत्या. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी तुझा हात धरून त्याच्या कडेला उभी राहिले, तेव्हा तो रस्ता काय आहे ते कळलं. मधे कमरेएवढा दुभाजक. ओलांडायची जागा पार पुढच्या चौकात, आणि तिथेही पायी माणसांसाठी हिरवा दिवा इतका थोडा वेळ, की तुझ्या पावलांनी आपण कसेबसे दुभाजकापर्यंत पोचायचो. ६०० मीटरचे जवळजवळ दोन किलोमीटर झाले. तू चौथीत गेलास तरी तुला एकटं सोडायची माझी छाती झाली नाही. तुझा वर्गमित्र त्या रस्त्यापलीकडे राहायचा. तो त्याच्या गच्चीतून हात करायचा, तू आपल्या खिडकीतून. खेळायला भेटायचात ते मात्र आमच्यापैकी कुणाला सवड असेल तेव्हा. खिडकीच्या काचेवर तुझ्या कपाळाचा गोल डाग पडायचा. मी रोज पुसायचे, रोज पडायचा.

पुढे कामाच्या निमित्ताने वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की हे आपल्याच घरात घडत नव्हतं. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं शाळेत कशी जातात याचा अभ्यास केला होता. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये पुन्हा पाहिलं, तर ९ टक्के. एकोणीस वर्षांत एवढा फरक. त्याच काळात रस्त्यावर मुलं मरण्याचं प्रमाण कमी झालं होतं, म्हणून रस्ते सुरक्षित झाले असं सांगितलं जात होतं. हिलमन यांनी दाखवून दिलं की रस्ते तसेच धोक्याचे होते; पालकांनीच मुलांना रस्त्यावरून मागे ओढून घेतलं होतं. वाचताना मला ती काच आठवली.

म्हणून तुझ्या तक्त्यात मी पहिलं बघते ते हे, की छकुली आठ-नऊ वर्षांची झाल्यावर एकटी कुठपर्यंत जाऊ शकेल. शाळा, मैदान, मैत्रिणीचं घर, एखादं वाचनालय. यातलं काहीच तिच्या पायांच्या टप्प्यात नसेल, तर घर कितीही मोठं असलं तरी ती घरात अडकेल आणि सूनबाई गाडीत.

जवळ आहे म्हणजे किती जवळ, हे नकाशा सांगत नाही. तुझी आई आयुष्यभर नकाशे काढत होती, तिच्यावर विश्वास ठेव. चालून बघ. मधे किती वेगाची वाहनं जातात ते बघ. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपुढे मूल आलं, तर चालकाला भान येऊन गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण तेरा मीटर जातात. ताशी ५० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर पुढे आलेली असते, आणि तोवर पाय नुकता ब्रेकवर पडत असतो. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथून दुसरी पूर्ण वेगात पुढे गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटना जिथे पायी माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा ठेवा म्हणते, ती या हिशोबावर. नुसती पाटी बघून समाधान मानू नकोस. रस्ता रुंद आणि सरळसोट असला की पाटी कोणी वाचत नाही. अरुंद रस्ता, वळणं, गतिरोधक, दोन्ही बाजूंना झाडं असली की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकी नियोजकाने १९२९ मध्ये वस्तीचा एक साधा आराखडा मांडला होता. प्राथमिक शाळा मध्यभागी, घरं तिच्याभोवती पायी अंतरावर, आणि वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या हद्दीवर, म्हणजे मुलाला ते ओलांडायची वेळच येऊ नये. त्याच्या इतर कल्पनांवर पुष्कळ टीका झाली आणि त्यातली काही रास्तही होती. पण ही एक गोष्ट मला आजही बिनतोड वाटते. तुझ्या यादीतल्या दुसऱ्या उपनगरात मोठा रस्ता वस्तीच्या पोटातून गेलाय आणि शाळा त्याच्या पलीकडे. घर सुरेख आहे, मला फोटो आवडले. तरी ते मी खोडलंय.

शेजाराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. शेजार कसा निघेल ते नशिबावर, असं लोक म्हणतात. थोडं असेलही. पण नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी १९७० च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांवर लोकांशी बोलून जे मांडलं, त्याने माझे डोळे उघडले. एकावरून दिवसाला दोनेक हजार वाहनं जायची, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र होते. सोळा हजारवाल्यावर एकही पुरता नाही, ०.९. त्यांनी लोकांना "तुमचं घर कुठपर्यंत आहे ते नकाशावर काढून दाखवा" असंही सांगितलं होतं. शांत रस्त्यावरच्या लोकांनी सगळा रस्ताच आपला म्हणून रंगवला. गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी आपल्या इमारतीपुरती रेघ मारली, काहींनी त्याहूनही आत. नकाशे काढण्यात जन्म गेला माझा, पण असा नकाशा मी कधी काढला नाही.

हे तुला करून बघता येईल. संध्याकाळी गर्दीच्या वेळी त्या घरासमोर पंधरा मिनिटं उभा राहा आणि वहीत वाहनांच्या रेघा मार. गर्दीच्या एका तासाची वाहतूक दिवसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी धरतात. पन्नासेक रेघा झाल्या तर रस्ता त्या पहिल्यासारखा आहे. चारशेच्या आसपास गेलास तर तिथून निघ. आणि रेघा मारताना माणसांकडेही बघ. मुलं मोठ्यांशिवाय बाहेर आहेत का? कोणी दारात बोलत उभं आहे का? एखादी आजी बसायला बाहेर आली आहे का? जिथे आठ वर्षांचं मूल आणि माझ्यासारखी गुडघेदुखीवाली दोघंही बिनधास्त चालताना दिसतील, तिथे बाकीचं फारसं विचारायला नको.

आता तुझ्या रोजच्या प्रवासाचं. चौथ्या उपनगराचा हप्ता सगळ्यांत कमी आहे आणि ऑफिस आजच्यापेक्षा पाऊण तास लांब. तू लिहिलंस, "गाडीत वाचन होईल." होईल काही दिवस. पण हिशोब कर. जाऊन-येऊन दीड तास, वर्षाला कामाचे २३० दिवस धरले तर ३४५ तास. रात्र-दिवस मोजले तर चौदा दिवस. दर वर्षी चौदा दिवस तू घराबाहेर राहणार, आणि त्यातला अर्धा वेळ नेमका संध्याकाळचा. ब्रूनो फ्राय आणि अ‍ॅलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली होती. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात माणसाला स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळतो, म्हणजे समाधान सारखंच राहायला हवं, असं शास्त्र म्हणतं. प्रत्यक्षात जितका प्रवास लांब, तितकं समाधान कमी निघालं. घर घेताना मोठी खोली डोळ्यांपुढे असते, प्रवासाचा थकवा नसतो.

बाबांनी तो थकवा बावीस वर्षं काढला. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मीच सांगते. तू दाराशी चपलांच्या शेजारी बसून त्यांची वाट बघायचास. चित्र काढलेलं असलं की ते मांडीवर धरून. नऊ वाजता डोळे मिटायला लागायचे, मग मी तुला उचलून आत न्यायची आणि चित्र त्यांच्या बुटांच्या जागी ठेवायची, म्हणजे आल्याआल्या दिसेल. ते चित्र हातात घेऊन ते तुझ्या उशाशी बसायचे. ती सगळी चित्रं त्यांनी ठेवली आहेत. परवा तुझा तक्ता वाचून झाल्यावर त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "हे नको म्हणावं."

अजून एक सावधगिरी. "पुढे होणार" या शब्दांवर एक पैसाही लावू नकोस. आपण घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याच्या चित्रात समोर बाग होती, झोपाळा होता, लाल फ्रॉकमधली मुलगीही होती. तू शाळा सोडेपर्यंत तिथे गाड्याच उभ्या राहत होत्या. आराखड्यात जमीन बागेसाठी राखून ठेवलेली असणं आणि तिथे बाग असणं, या दोहोंत कित्येकदा पंचवीस वर्षांचं अंतर असतं. मी अशा राखीव जमिनी हिरव्या रंगाने स्वतः रंगवल्या आहेत, म्हणून सांगते. बाग, शाळा, स्टेशन, दवाखाना, जे आज उभं आहे तेवढंच धर. हिरवाईसाठी सेसिल कोनाइनेनडाइक या नेदरलँड्सच्या तज्ज्ञाने एक सोपा नियम सांगितलाय, तो लक्षात ठेव : घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या सावलीत असावा, आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. उलट रिकामी मोठी जमीन शेजारी दिसली तर तिथे पुढे काय येणार ते मात्र कचेरीत जाऊन विचार. रुंद रस्ता मंजूर असेल तर आजच्या शांततेला अर्थ नाही. वाहत्या मोठ्या रस्त्याच्या धुराचा त्रास तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत पोचतो, आणि धाकट्याची छाती आधीच नाजूक आहे.

शाळेच्या निकालांचे आकडे तू जमवलेस, ठीक आहे. मला त्यांचं फार वाटत नाही. शाळा सुटताना फाटकाशी उभा राहून मुलांचे चेहरे बघ. पाणी कुठे तुंबतं ते बघायला जोराचा पाऊस पडून गेल्यावर जा. रात्री दहानंतर एकदा जा, म्हणजे दिवे कुठे नाहीत ते कळेल.

आणि छकुली आज सहाची असली तरी हप्ते वीस वर्षांचे आहेत. चौदाव्या वर्षी तिला झोपाळा नको असेल. शिकवणी, खेळ, मैत्रिणी, नाटक, सगळं शहरात किंवा शेजारच्या उपनगरात असेल. तेव्हा शेवटची बस किती वाजता सुटते आणि थांबा घरापासून किती लांब आहे, यावर तिचं तरुणपण ठरेल. नाहीतर तुम्ही दोघं तिचे चालक व्हाल आणि ती तुमच्यावर चिडेल. तू चिडायचास. आता मला ते पटतं.

राहिली पहिलं आणि तिसरं. तिसऱ्यातलं घर चारांत लहान, एक खोली कमी. पण शाळा, मैदान आणि स्टेशन रस्त्याच्या एकाच बाजूला दिसतायत, आणि तू साडेसहाला घरी पोचशील. धाकटा आणि छकुली एका खोलीत झोपतील काही वर्षं, भांडतील, चालेल. माझं मन तिथे जातंय. पण हे मी पुन्हा नकाशावरूनच बोलतेय, आणि पट्टी ठेवून बोलायचं मी केव्हाच सोडलंय.

म्हणून एक कर. कामाच्या दिवशी अर्धी रजा घे. रविवारी सगळे रस्ते शांतच दिसतात. शाळा सुटायच्या वेळेला आपण तिघं तिथे जाऊ, तू, मी आणि छकुली. शाळेच्या फाटकापासून त्या घरापर्यंत तिला पुढे चालू दे. तिचा हात धरायचा नाही, आपण दहा पावलं मागे राहायचं. तू घड्याळ बघ, मी तिच्याकडे बघते. कुठे ती थबकते आणि मागे वळून आपल्याला शोधते, ते मला बघायचंय.

मंगळवार मला सोयीचा आहे. तिला पायात नीट बसणारे बूट घाल.

तुझी,
आई