बालीतल्या इबुंना, चाफ्याच्या त्या फुलांसाठी

प्रिय इबु, म्हणजे आमच्या बालीतल्या आई,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय, पण आई म्हणाली मराठीतच लिही, मनातलं दुसऱ्या भाषेत नीट उतरत नाही, त्यांचा भाचा फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेल. तुमचा नंबर माझ्या जुन्या फोनबरोबरच गेला म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आपल्याकडचं कुणी ना कुणी तुमच्या उबुडला जातच असतं, कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोचेल. यंदा १९ मार्चला आमचा पाडवा आणि तुमची न्येपी, म्हणजे तुमचा नववर्षाचा मौनाचा दिवस, परत एकाच दिवशी आली, २०२३ मध्ये २२ मार्चला आली होती तशीच, आणि गुढीला हार घालता घालता आई एकदम थांबली, म्हणाली, त्या बाईंचे आपण धड आभारसुद्धा मानले नाहीत गं.

आधी राग सांगते, कारण तो अजून गेलेला नाही. आमच्या ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या कागदावर २२ मार्चच्या पुढे लिहिलेलं होतं, दिवसभर साइटसीइंग आणि रात्री बीचवर डिनर. न्येपीच्या दिवशी! सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्ख्या बेटावर कुणी घराबाहेर पडत नाही, विमानतळ बंद, बंदरं बंद, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद ठेवतात, आणि हा माणूस आम्हाला डिनरला पाठवत होता. ही तारीख काही आदल्या रात्री ठरत नाही हो, कॅलेंडरवर छापलेली असते. त्यात २१ तारखेला सकाळी व्हिलावाल्यांनी सांगितलं की तुमचं बुकिंग आजपर्यंतच आहे, खोली दुसऱ्यांना दिलीय, आमच्या हातात काही नाही. एजंटने दोनदा फोन उचलला, नंतर उचलणंच बंद केलं. आई अडुसष्ट वर्षांची, डायबिटीस, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आम्ही दोघी बॅगा घेऊन रस्त्यावर, संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायला लागलेले.

तुमच्या वारुंगच्या, म्हणजे छोट्याशा खानावळीच्या, बाकावर आम्ही नुसत्या टेकलो होतो. तुम्ही कॉफी आणून ठेवली, आईच्या चेहऱ्याकडे बघितलंत, मग बॅगांकडे, आणि म्हणालात, बेसोक न्येपी, उद्या न्येपी. एवढंच. मग एक बॅग उचलून आत चालायलाच लागलात. मी मागून पैशांचं विचारत होते, तुम्ही मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

तुमच्या घरात आई दहा मिनिटांत रमली याचं मला अजून नवल वाटतं. अंगणाभोवती वेगवेगळ्या छोट्या इमारती, आणि देवाची जागा ईशान्येला, आई म्हणाली बघ, आपल्यासारखंच. तुम्ही नारळाच्या पानांच्या चौकोनी टोपल्या विणत बसला होतात, चानांग सारी, रोज दारात, पायरीवर, चुलीपाशी ठेवायच्या, पूर्वेला पांढरी फुलं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी नाहीतर हिरवी. आई शेजारी बसून विणायला लागली. तिला इंग्रजी येत नाही, तुम्हालाही जेमतेम, तरी तुमचं काय काय चाललं होतं! सुआमी म्हणजे नवरा, पुत्री म्हणजे मुलगी, बहासा म्हणजे भाषा, प्रत्येक शब्दाला आई टाळी वाजवत होती. आणि ती पोटाला सुई टोचायची खूण करायला लागली तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, गुला? हो हो, गुळाचाच आजार, असं म्हणाली आई, आणि रात्री तिच्या ताटात भात कमी आणि भाजी, सोयाबीनचं टेंपे जास्त होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, साका १९४५. आईने पर्समधून छोटं पंचांग काढलं, शके १९४५. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलात. इतक्या लांब समुद्रापलीकडे आपलंच शक मोजतात हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळचे ओगोह-ओगोह मी विसरणार नाही, पोरांनी खपून बनवलेले ते प्रचंड अक्राळविक्राळ पुतळे, बांबूच्या चौकटीवर खांद्यावर घेऊन चौकात गरगर फिरवायचे, म्हणजे भुतांना दिशा कळत नाही. घरीसुद्धा तुम्ही आईच्या हातात पातेलं आणि पळी दिलीत, वाजव म्हणालात, आणि आईने असं काही वाजवलं की तुमची सून पोट धरून हसत होती. आणि दुसऱ्या दिवशी तेच बेट गप्प. भुतांना वाटावं इथे कुणीच राहत नाही आणि त्यांनी निघून जावं, असं तुमच्या भाच्याने सांगितलं. विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, बाहेर जाणं नाही, करमणूक नाही. तुमचा उपास होता तरी आमच्यासाठी आदल्या रात्रीच भात, टोफू, आईला उकडलेलं रताळं करून झाकून ठेवलं होतंत. आमचा पाडवा होता, गुढी काही उभारता आली नाही, आईने ईशान्येकडे तोंड करून नुसते हात जोडले.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

आईला रात्री तीन-चारदा उठावं लागतं. न्हाणीघर अंगणापलीकडे, मध्ये ओसरीच्या तीन पायऱ्या. अमावस्या नुकतीच झालेली, चंद्र नाही, बेटावर एक दिवा नाही. दुपारीच तुम्ही भाच्याकरवी सांगितलंत की आजारी माणसासाठी चालतं, बारीक दिवा लावा, आमचे पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, फेरीवर आले तर मी त्यांच्याशी बोलते. आई नको म्हणाली. म्हणाली, वर्षातनं एक दिवस पाळतात ही माणसं, माझ्यामुळे मोडायला नको. तुम्ही काही बोलला नाहीत, आग्रहसुद्धा केला नाहीत. मला वाटलं विषय संपला.

रात्री आई उठली, मी तिचा हात धरून दाराशी आले, आणि बघते तर पायऱ्यांच्या कडेकडेने पांढरी फुलं. तुमच्या अंगणातला जेपुन, आमचा पांढरा चाफा. तिन्ही पायऱ्यांच्या कडेला एकाला एक लागून, आणि पुढे न्हाणीघरापर्यंत दोन्ही बाजूंनी ओळ. चांदण्यांच्या उजेडात ती फुलं दिसत होती इबु, मोतीबिंदूच्या डोळ्यालासुद्धा दिसत होती. आईने माझा हात सोडला आणि एकटी चालत गेली. आणि परत आली. त्या रात्री चार वेळा.

तुम्ही कधी ती मांडलीत मला माहीत नाही, संध्याकाळी उजेड जायच्या आधी एकटीनेच वाकून मांडली असणार, तुमचा गुडघा दुखत होता हे मी आदल्या दिवशी बघितलं होतं. सकाळी मी विचारलं तर तुम्ही हात हलवलात, जसं काही झालंच नाही. तुमचं व्रत मोडलं नाही, आईचा शब्द मोडला नाही, आणि ती पडलीही नाही. मदत करणारी माणसं मी पाहिलीत, पण बऱ्याच जणांची मदत घेताना आपण खाली मान घालतो, आणि तुम्ही अशी केलीत की आईला वाटलं आपण स्वतःच्या पायांनी गेलो. ज्यांना आम्ही पूर्ण पैसे दिले होते त्यांनी फोन उचलला नाही, आणि ज्यांना आमचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं त्यांनी आईची पावलं मोजून फुलं ठेवली. निघताना तुम्ही दोन रात्रींचे पाटीवर लिहिलेले तेवढेच पैसे घेतलेत, जास्तीचे परत माझ्या मुठीत कोंबलेत, आणि मी रडत होते म्हणून मला धड काही बोलताच आलं नाही. ते आता म्हणते. मातुर सुक्समा, इबु. मनापासून.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, छान दिसतं आता. आमच्या सोसायटीतल्या चाफ्याखालून जाताना ती दरवेळी एक फूल उचलते आणि घरी आणून दाराच्या पायरीवर ठेवते.

अजून एक. तुमच्या सुनेला तेव्हा सातवा चालू होता, पहिलंच होतं, म्हणजे नाव वायान नाहीतर पुतू ठेवलं असणार. पण ती नावं तर तुमच्याकडे मुलालाही ठेवतात आणि मुलीलाही, त्यामुळे आम्हाला काहीच कळायला मार्ग नाही. बाळ आता तीन वर्षांचं होत आलं असेल. आईने पिवळं कापड आणून ठेवलंय आणि रोज विचारतेय, फ्रॉक शिवू की सदरा, तेवढं कळवा.

तुमची,
पुण्याची पुत्री