रथोत्सवात चुकलेले मूल आणि आपली भीती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ दोरांनी ओढला जात असताना पेढे-खोबऱ्याच्या उधळणीत रमलेले मूल आईवडिलांपासून कधी मागे राहते, हे त्याचे त्यालाही कळत नाही. आपण चुकलो, हे त्याला उमगेपर्यंत ते बहुधा तिथेच असते आणि पालक गर्दीबरोबर पुढे सरकलेले असतात. म्हणून शोध आधी मागे, मूल ज्यात रमले होते त्या जागी घ्यायला हवा. ध्वनिक्षेपकावरून ‘निळा सदरा घातलेला मुलगा’ असे पुकारून भागत नाही, कारण गुलालात सगळेच सदरे एका रंगाचे झालेले असतात आणि ढोल-ताशांत ते पुकारणे ऐकू येईलच असेही नाही.

खरी अडचण मात्र आपल्यासारख्या बघ्यांची आहे. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारण्यात आले, तर सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे त्याच संशयाने साधूंना मारहाण झाली. हे ऐकून असलेला भला माणूस रडणाऱ्या परक्या मुलाचा हात धरायला कचरला, तर त्याला दोष कसा द्यावा? (व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो टाकणे सोपे वाटते खरे, पण मूल घरी पोहोचल्यावरही तो फोटो फिरतच राहतो आणि नव्या अफवांना खाद्य पुरवतो.)

वास्तविक २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार एकटे सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन किंवा बालकल्याण समितीला देणे बंधनकारक आहे. अशा वेळी मुलाला दुसरीकडे नेण्याऐवजी जवळच्या दुकानदाराच्या किंवा लेकुरवाळ्या बाईच्या साक्षीने तिथेच थांबवून १०९८ किंवा ११२ वर फोन केला, तर संशयाला जागा उरत नाही. पालकांनीही मुलाच्या दंडावर, बाहीखाली, आपला मोबाइल क्रमांक पेनाने लिहावा. नाव मात्र लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा परकाही मुलाला ओळखीचा वाटतो.

देवस्थान, नगरपरिषद आणि पोलिसांनी यंदा रथमार्गाच्या दोन्ही टोकांना दुरून दिसेल अशा उंच झेंड्याचा मदत कक्ष उभारावा, तिथे महिला पोलीस नेमावी आणि मूल चुकल्याची वर्दी येताच पाच मिनिटे वाद्ये थांबवण्याची अट मंडळांना परवानगीतच घालावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)